तिसरं माप

३ जानेवारी
रेवती वीसला येते. तीन वर्षांनी. जपानातली नोकरी आणखी तीन वर्षं वाढवायची का, ते तिला महिनाअखेर कळवायचंय. मी विचारणार नाही. यांनाही बजावलंय.
फोनवर लेकीला विचारलं, रोज जेवतेस काय? "भात परतते, अंडं घालून. दहा मिनिटांत होतो."
मग तो इथेही मिळाला पाहिजे.

५ जाने.
वाशीमला सोया सॉस मिळाला. शेतात इतकी वर्षं सोयाबीन, घरात एक दाणा शिजला नाही. आता बाटलीतून काळं होऊन आलं.

६ जाने.
अंडी शेजारच्या शमीमकडून. "बाई, तुमच्या घरात अंडे? सूरज कोनीकडून निघाला आज?"
हे: "माह्या मायनं पाह्यलं असतं तं?" म्हटलं, म्हणूनच अंगणात करते. स्टोव्ह वेगळा, कढई वेगळी.
ताजा भात टाकला. लगदा. सवयीने हळदही पडली. यांनी तरी दोनदा घेतला.

७ जाने.
शमीम हसली. "गरम भात परततेत का कुठी? रातचा पायजे."
बी.एस्सी. करून हे कळलं नाही. पण रातचा आणू कुठून? माणशी एक माप तांदूळ. छत्तीस वर्षांत भात उरला नाही. उरला म्हणजे मोजणं चुकलं, रेवतीलाही हेच शिकवलं.
संध्याकाळी मुद्दाम एक माप जास्त. हात अडखळला.

८ जाने.
मोकळा झाला. अंडं, कांद्याची पात, तीळ, शेवटी कडेने सॉस. शमीमने चाखला. "मिठाची कंजूशी सोडा."

२१ जाने.
रेवती स्टोव्हपुढेच बसली, कढईतून खाल्लं. बारीक झालीय.
विचारलं, एकटीचं जेवण, तुझ्याकडे भात उरतो कसा?
"दोन मापं लावते. एकच लावलं की कुकर फार रिकामा दिसतो, आई."
रागवायला हवं होतं. मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारलं.

३० जाने.
सकाळच्या एसटीने गेली. नोकरीचं कळवलं की नाही, माहीत नाही. स्टँडवर हे विचारायच्या बेतात होते. मी नुसतं पाहिलं.
खिडकीतून म्हणाली, "कढई आत ठेव. अंगणात गंजेल."
ठेवली. ओट्याखाली, बाकीच्या भांड्यांत.
संध्याकाळी मी तांदूळ धुताना हे म्हणाले, "तीन मापं टाकले वं तू. चुकलं तुहं."
म्हटलं, उद्या परतायला लागेल.