विचुंब्यातली चौकट

प्रिय इलान,

एकाच घरात राहून मुलाला पत्र लिहिणारी आई अख्ख्या पनवेलात मीच असेन. पण करणार काय? तू निघतोस तेव्हा मी झोपेत, तू परततोस तेव्हा तू झोपेत. काल तर जेवताना डुलक्या काढत होतास. म्हणून हे रात्रीच डब्याच्या पिशवीत ठेवतेय. बसमध्ये वाच, अंधेरी येईपर्यंत दोनदा वाचून होईल.

आदिनाचा फोन आला होता. गुणी पोर, तक्रार केली नाही. तिची नोकरी अंधेरीत, तुझीही तिथेच, ऑफिसपासून चालत जाण्याजोगं घर तिने बघून ठेवलंय, आणि तू मात्र लग्नाची तारीख पुढे ढकलतोयस. तिला सांगतोस भाडं परवडत नाही, मला सांगतोस सणांनंतर बघू. अरे, तुझं घोडं कुठे पेंड खातंय ते मला ठाऊक आहे. सिनेगॉगमध्ये शनिवारची प्रार्थना पूर्ण व्हायला दहा पुरुष लागतात आणि आपल्याकडे दहाच उरलेत. बाकीचे कुणी इस्रायलला गेले, कुणी नोकरीमागे ठाण्याला. तू संसार तिकडे थाटलास की डॅडी नऊ जणांत दहाव्याची वाट बघत बसणार, हीच ना धास्ती?

डॅडींना हे माझ्याआधी कळलं. फिरायला म्हणून पनवेलजवळच्या विचुंब्याला, तिथल्या नव्या इमारतींकडे जायला लागले. मुंबईत घर परवडेना म्हणून रोज नवी माणसं तिथे येतात, त्यांत एखादं आपल्या ज्यू समाजातलं निघेलच, असा त्यांचा होरा. दाराच्या चौकटीवर आपल्यासारखी मेझुझाची, प्रार्थनेच्या चिठ्ठीची डबी दिसते का, हे बघत जिने चढायचे. शेवटी वॉचमनने हटकलं, "काका, कोन पायजे तुमाला?" तर म्हणाले, "दहावा पायजे!" मी हसून हसून बेजार.

आणि सापडला की! सॉल चेऊलकर, भायखळ्याचं घर विकून आलेत, रिटायर्ड. या शनिवारपासून येतायत.

पण ते भेटले म्हणून मी लिहितेय असं समजू नकोस. ते भेटले नसते तरी तुला जा म्हणणारच होते. देवाने माणसं मोजावीत, तू आपला संसार कर. पिशवीत डब्याखाली फडक्यात गुंडाळलेलं काय ते उघडून बघ. आजोबांची मेझुझा आहे. डॅडींनी स्वतः पुसली आणि एवढंच म्हणाले, "त्याच्या दाराला लाव म्हणावं." आज ऑफिस सुटलं की इकडे धावू नकोस, आधी आदिनाला गाठून तारीख सांग. आज शुक्रवार, शब्बाथचे दिवे इथे मी लावीन, पुढे तुमच्या घरी ती लावेल.

तुझीच,
मम्मी