अकराव्या पायरीच्या खाली

९ मे, शुक्रवार

शहरविकास कचेरीचं पत्र आलं. पत्र तलाव सांभाळणाऱ्या ट्रस्टच्या नावानं, पण बालाजी घाटावरच्या देवळात ते समजावून सांगायला बोलावलं मला. साळूबाईच्या तलावाचा पश्चिम काठ ‘विकसित’ करायचा आहे — हॉटेल, वर गच्ची, गच्चीतून तलाव दिसणार. तलाव बांधणाऱ्या या बाईच्या दानपत्रात लोकांसाठी जेवढी जागा लिहिली आहे तेवढी सोडणार, उरलेली लिलावात.

दानपत्र मोडीत. ट्रस्टवर दोन प्रोफेसर, एक वकील — एकालाही वाचता येत नाही. मी मॅट्रिक नापास. रेल्वेत खलाशी म्हणून लागलो, लेव्हल लावायला स्वतः शिकलो, आणि मोडी चाळीस पानांच्या पुस्तिकेवरून. दानपत्रातली ती ओळ पाठ आहे: ‘तळचे पायरीपासोन साठ हात भुई सर्वांची. विकू नये, विकत घेऊ नये.’

साठ हात म्हणजे नव्वद फूट. त्यात अकरा पायऱ्यांचे अकरा फूट, वर मोकळा काठ एकोणऐंशी. तो संपतो तिथं डांबरी रस्ता सुरू. मग लिलावाला उरलं काय? काही नाही. प्रोफेसरांनी माझ्याकडे दोनदा बघितलं.

संध्याकाळी सायकलनं तलावावर. पाणी अकराव्या पायरीपासून बेचाळीस फूट आत गेलंय, मधे नुसता भेगाळलेला गाळ. बारा वर्षं रोज नोंद ठेवतोय. अण्णा असते तर एका शब्दात उरकलं असतं. पंगतीला किती पानं वाढायची विचारलं तर ‘बरीच’. गंगेला पाणी किती चढलं — ‘बरंच’. जन्मभर भिक्षुकी केली, पण कधी एक आकडा तोंडातून निघाला नाही वडिलांच्या.

१४ मे, बुधवार

कचेरीची मंडळी पाहणीला. सहायक अभियंता रुची म्हणून एक मुलगी — अठ्ठावीसची असेल. डोक्याला ओढणी, हातात स्वतःचा टेप. टेपचं टोक कुणा चपराशाला धरायला न देता स्वतः चिखलात उतरली. हे मी लिहून ठेवतो, कारण असं कुणी करत नाही.

माझी वही पंधरा मिनिटं चाळली. म्हणाली, “ऐसा काम हमारे यहाँ कोई नहीं करता, रत्नाकरजी.” मग अकराव्या पायरीवर उभी राहिली आणि विचारलं, “यही आखिरी है, ये आपने देखा है? या मान लिया है?”

मी म्हटलं, बारा वर्षं मोजतोय.

“वो तो पानी नापा है आपने. नीचे देखा है?”

छेदी झोपडीच्या दारात उभा राहून ऐकत होता. या तलावात शिंगाडा लावणारं ते एकच घर, तिसरी पिढी. रस्त्यापासून सहा फूट चार इंचांवर त्याची झोपडी, शेजारी शिंगाडे उकडायची भट्टी. तो मधे बोलला — “मैडम, ग्यारह ही है. सब जानत हैं.”

सगळ्यांना माहीत आहे हा पुरावा नव्हे. ती हसली. मला तिचं हसणं पटलं, हे जास्त लागलं.

१५ मे, गुरुवार

मानलंच होतं. बघितलं नव्हतं.

१८ मे, रविवार

छेदीचा होडीचा बांबू घेऊन गाळात टोचला. अकराव्या पायरीच्या पुढे, दीड हातावर — खट्. पुन्हा तीन फूट पुढे — खट्. दगड आहे.

छेदीला नवल वाटलं नाही. “चारों ओर एक्कै है बाबू. नाव चलाते हैं तो पूरब में भी बाँस ऐसे ही बोलता है.”

मग कधी बोलला का नाहीस?

“उहाँ बाईसाहेब का पैर है. ओके नीचे फावड़ा नहीं चलता.”

प्रकार असा: दरवर्षी गंगा दसऱ्याला वस्तीतले लोक पायऱ्यांवरचा गाळ काढतात, पण अकराव्यापर्यंतच. खाली साळूबाईचे पाय आहेत, ते उघडे पडता कामा नयेत, म्हणून तिथं गाळावर झेंडूची माळ ठेवतात आणि परततात. मी लहानपणापासून बघतोय. आज मोठ्यांदा हसलो. म्हटलं, दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचे पाय अजून गाळात?

छेदी हसला नाही. त्याची बायको सुगनी चूल सारवत होती, तिनं फक्त मान वर करून माझ्याकडे बघितलं.

२५ मे, रविवार

सहा दिवस खणलं. रजा टाकली. छेदी येईना, मग आला, त्याचे दोन भाचे घेऊन. चार फूट रुंद चर. आधी निघाला दगडी ओटा, सबंध बावीस फूट रुंद, सांध्यात सुतळी जायची नाही असा. ओट्यापुढे पायऱ्या, एक-एक फुटाच्या. एक, दोन, तीन... सात. सातवीनंतर मूळची माती, आणि पाणी झिरपायला लागलं.

एकूण अठरा!

आडवं अंतर ओळंबा लावून तीनदा घेतलं. तिन्ही वेळा एकोणतीस फूट. पाव इंचाचाही फरक नाही. चौपन्न वर्षांचा झालो, असं काही माझ्या हातून पहिल्यांदाच. पायऱ्यांवर टाकीचे घाव अजून ताजे दिसतात. मी सगळ्यात खालच्या पायरीवर बसून चहा प्यायलो.

२६ मे, सोमवार

छेदी सकाळी घरी आला. पंचगंगा घाटावरून गल्लीगल्लीतून चालत. आजवर कधी आला नव्हता. आत ये म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच बसला.

“ढाँक दीजिए बाबू. दू दिन का काम है. हम दूनो के सिवा कौन देखा?”

भाच्यांनी बघितलं.

“ऊ हमार लड़के हैं. नहीं बोलेंगे.”

तो का म्हणतोय ते मला कळत होतं. त्यानं हिशेब केला नव्हता, पण भीती बरोबर जागी होती. नव्वद फूट तळच्या पायरीपासून. तळची पायरी एकोणतीस फूट आत गेली, तर नव्वदही एकोणतीस फूट आत येतात. रस्त्याला लागून तेवढा पट्टा मोकळा होतो. झोपडी त्यात. भट्टी त्यात. लिंबाचं झाड त्यात.

म्हटलं, बघू.

१ जून, रविवार

नकाशा पूर्ण. तीन दिवस लागले. ओटा, अठरा पायऱ्या, रस्ता, झाड, झोपडी — सगळं एकास शंभर. आजवरचा माझा सगळ्यात चांगला नकाशा.

बायको शरदिनी भाजी निवडत होती. म्हणाली, “हे द्यायलाच हवं का? तुम्हाला कुणी विचारलंय?”

म्हटलं, विचारलंय. त्या मुलीनं सरळ विचारलंय — बघितलं की मानलं?

“मग सांगा, मानलं. आमटीत मीठ मी अंदाजानंच घालते. चुकलं कधी?”

मीठ आणि जमीन एक नव्हे, मी म्हटलं.

“नाहीच,” ती म्हणाली. “मीठ माझ्या घरातलं.”

तिला कळत नाही. एवढा जुना, एवढा देखणा ओटा निघाल्यावर कोण तिथं हॉटेल बांधू देईल? पुराणवस्तूवाले येतील. सबंध तलावच संरक्षित होईल, काठासकट. उद्या देतो.

५ जून, गुरुवार

गंगा दसरा. नकाशा सोमवारीच दिला. रुचीनं उभं राहून घेतला.

पेपरात फोटो: ‘मराठी बाबू ने खोज निकाली गुम सीढ़ियाँ’. चरात उभा मी, हातात टेप. ट्रस्टच्या वकिलांनी स्वतः फोन केला.

तलावावर लोक फावडी घेऊन आले आणि अकराव्यावर थांबले. पुढे चर. माळ ठेवायला गाळच नाही. मग सुगनी माळ परत घेऊन गेली, झोपडीच्या खुंटीला अडकवली. छेदीनं चहा दिला, पण पितळेच्या पेल्यात नाही — मातीच्या कुल्हडात. बाहेरच्याला देतात तसा.

२४ जून, मंगळवार

सुनावणी. सव्वा तास.

पुराणवस्तूवाले आलेच नाहीत. मी उठून म्हटलं, हा ओटा शहराचा ठेवा आहे. खुर्चीवरचे साहेब म्हणाले, “बिल्कुल, बिल्कुल. उस पर बढ़िया लाइटिंग होगी.” हॉटेलवाल्याच्या माणसानं ते टिपून घेतलं.

मग रुचीनं नकाशा लावला. माझा. दानपत्राची ओळ वाचली, माझ्याच भाषांतरातून. अठराव्या पायरीपासून नव्वद फूट लाल रेघेनं दाखवले. काठाचे पन्नास फूट लोकांचे, त्यापुढचे एकोणतीस लिलावात, काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ट्रस्टचे वकील उठले आणि बसले. जाता जाता म्हणाले, “रत्नाकर, तू नक्की कुणाकडून होतास?”

बाहेर पायऱ्यांवर तिला गाठलं. काय म्हणणार होतो, माहीत नाही. तीच म्हणाली, “नाप आपका ही है, सर. हमने एक इंच नहीं बदला.” आदरानं म्हणाली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

छेदी मागच्या बाकावर इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. त्यानं विचारलं, “बाबू, हमार भट्ठी ई पार कि ऊ पार?”

त्याची झोपडी नकाशावर मीच काढलीय. रस्त्यापासून सहा फूट चार इंच.

“ऊ पार,” मी म्हटलं.

३ जुलै, गुरुवार

खुंट्या ठोकल्या. बरोबर जागी ठोकल्यात. तपासून आलो.

१३ जुलै, रविवार

झोपडी शुक्रवारीच उतरवली. पोलीस लागले नाहीत. छेदीनं स्वतः कौलं काढली, एकावर एक रचली. सगळं सामान पूर्व काठावर नेलं, तिथं ताडपत्री बांधलीय. भट्टी पुन्हा रचायला घेतलीय. पूर्वेलाही रस्ता तेवढ्याच अंतरावर आहे, अकराव्या पायरीपासून नव्वद फुटांवर. मोजलं नाही, आधीच मोजलेलं आहे.

पाऊस चांगला झालाय. चर बुडाला. पाणी आठव्या पायरीला.

विटा उचलू लागलो तर छेदीनं हातातून काढून घेतल्या. “आप रहने दीजिए.” मग होडीकडे गेला. सुगनी चिखल मळत होती. मी तिला विचारलं, बाईसाहेबांच्या पायांची गोष्ट कुणी काढली? उगाच विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

“तोहरे बाबूजी,” ती म्हणाली.

मला वाटलं ती कुणा दुसऱ्याबद्दल बोलतेय.

नाही. तिचा सासरा सांगायचा. फार मागे एकदा असेच मोजणारे येणार होते. उन्हाळ्यात खालची पायरी उघडी पडली होती. बालाजी घाटावरचे पंडितजी — आमचे अण्णा — दानपत्राचा कागद वाचून तडक इथं आले, धोतर खोचून सासऱ्याबरोबर ओट्यावर गाळ ओढला, आणि म्हणाले, लोकांना सांगा इथं बाईचे पाय आहेत, दरसाल फूल चढवा, फावडं लावू नका. मोजणाऱ्यांनी अकरा लिहिल्या आणि गेले.

हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?

“आप तो हँस दिए थे,” सुगनी म्हणाली, आणि चिखलात पुन्हा हात घातला.

१४ जुलै, सोमवार

अण्णा एकदा गुडघ्यापर्यंत चिखलात घरी आले होते. मी सात-आठ वर्षांचा. आईनं ओरडून विचारलं, एवढं कसलं काम काढलं होतं, किती केलंत? म्हणाले, “बरंच केलं.” आम्ही दोघं हसलो होतो.

म्हणजे अण्णांना मोडी येत होती. मी पुस्तिका घेऊन एकटा खिडकीत बसायचो तेव्हा ते चार हातांवर सुपारी कातरत असायचे. मी त्यांना एक अक्षर विचारलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

कचेरीचं पत्र, या वेळी माझ्याच नावानं. पाकिटावर ‘श्री रत्नाकर, मापन विशेषज्ञ’. पूर्व काठाचं मोजमाप हवंय. पायऱ्या किती, तळची कुठे. रुचीनं खाली हातानं लिहिलंय: पाणी आहे तोवर पाहणी शक्य नाही, आणि आपण लिहाल त्यावर पाहणीची गरजही नाही.

शरदिनीनं पत्र वाचलं, घडी करून वहीत ठेवलं.

१७ ऑगस्ट, रविवार

पूर्व काठ. पायऱ्या अकरा. त्याखाली दगड नाही. सही केली.

पाणी — बरंच.