तू न सांगितलेलं एक वाक्य

आई, ‘तिनं सांगितलं तेवढंच लिव,’ असं तू मला एकदा म्हणाली होतीस. तू पहिल्या पाळीहून नुकती आली होतीस आणि स्टोव्हवर चहा उकळत होता. मी तेव्हा एकवीस वर्षांची, एका कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून नवीन लागलेली. तुला जाऊन आता पंधरा वर्षं होऊन गेली. या वर्षांत मी चार पुस्तकं लिहिली, ती सगळी त्या वाक्याच्या धाकात. पाचवं तुझ्यावर आहे. ते एका पानापाशी दोन महिने अडून बसलंय, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी काय झालं होतं, ते तुला आठवत असेल. आपल्या शेजारी बीडकडच्या मावशी राहायच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांची माहेरची पत्रं मी लिहून द्यायचे. त्या भिंतीला टेकून सांगायच्या: मी बरी हाय, नळाला पाणी येतंय, शेळी व्याली का ते कळवा. मला ते फार कोरडं वाटलं. मी आपल्या मनानं खाली दोन ओळी जोडल्या, की डोळ्यांपुढे अंधारून येतं, माहेरचा उंबरा पुन्हा दिसेल की नाही कोण जाणे. लिहिताना माझेच डोळे भरून आले, आणि वाटलं, आपल्याला लिहिता येतं. आठ-दहा दिवसांनी मावशींचा भाऊ दारात उभा. ऐन सुगीत उभी ज्वारी टाकून आलेला, सोबत शुश्रूषेला म्हातारी आत्या आणि काढ्याच्या मुळ्यांचं गाठोडं. मावशी भाकरी थापत होत्या.

‘अगं माय, तू तर धडधाकट हायस!’

‘मग काय आडवी पडू तुझ्यासाठी?’

सगळी चाळ हसली. आत्याबाई म्हणाल्या, ‘आलोच हावोत तर पुणं तरी दावा.’ मग भावानं खिशातून पत्र काढलं, कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं, आणि मावशी हसायच्या थांबल्या. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, ‘पोरी, मी कधी रडले गं तुझ्यापुढं?’

तू ओरडली नाहीस. चहा गाळता गाळता ते वाक्य म्हणालीस, आणि वर विचारलंस, ‘तुझं रडू तिच्या गळ्यात कशाला बांधतीस?’

‘चांगलं वाटावं म्हणून लिहिलं.’

‘कुणाला चांगलं?’

तेव्हापासून प्रत्येक पत्र मी मावशींना वाचून दाखवायला लागले. त्या डोळे मिटून ऐकायच्या. ‘हां, हे माझं,’ म्हणायच्या, नाहीतर ‘हे काही माझं न्हाई, खोड.’ खोडायला मी तिथं शिकले. लोक विचारतात, लिहिणं कुणाकडून शिकलात. मी काहीतरी मोघम सांगते. दोन बायकांकडून, आणि त्यांतल्या एकीलाही वाचता येत नव्हतं, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

तुझं काम मी एकदाच पाहिलं, तुझ्या औषधांच्या कंपनीनं कामगारांच्या घरच्यांना आत सोडलं होतं त्या दिवशी. अजून ते स्वप्नासारखं डोळ्यांपुढे येतं. लांबलचक खोली, पांढऱ्या टोप्यांतल्या बायका रांगेत बसलेल्या, प्रत्येकीसमोर एक दिवा. तू औषधाची बाटली उचलतेस, दिव्यापुढे धरतेस, हलकेच उलटी करतेस, आणि आतलं पाणी तुझ्या चेहऱ्यावर थरथरतं. कण दिसला की बाटली बाजूला. मधेच तू मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिलीस. मला वाटलं, आता मुकादम बोलणार. घरी येताना तूच सांगितलंस, ‘सारखं बघितलं की नसलेला कण बी दिसाया लागतो. मग जरा लांब बघायचं.’ दिव्यापुढे वाक्य धरून बसते तेव्हा मीही मधेच मान वळवते. लांबवर एमआयडीसीच्या शेडचे पत्रे उन्हात पाण्यासारखे हलतात, आणि परत आले की वाक्य नीट दिसतं.

आणि ती खिडकीजवळची फळी. मावशींच्या प्रकरणानंतर त्यांची पत्रं सोडली तर माझं स्वतःचं काही मी लिहायचंच सोडलं होतं. एका सकाळी उठून पाहते तर फळीवरचे डबे खाली, तिथं पोत्याचा तुकडा अंथरलेला. ‘हितं बस. भोंग्याच्या आधी काय लिवायचं ते लिव, मग नोकरीला जा.’ तू भाकरी करत असायचीस, मी लिहीत असायचे, आणि भोंगा झाला की दोघी आपापल्या कामाला. कधी दोन पानं होत, कधी दोन ओळी. तुला दोन्हीचं सारखंच. ‘बसली होतीस ना?’ एवढंच विचारायचीस. नोकरी मी आजही सोडलेली नाही आणि ती पहाटही सोडलेली नाही. आई, मी समाधानात आहे, हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

आता त्या पानाविषयी. तू सुटीच्या दिवशी कपडे धुवायला पवनेवर जायचीस आणि उशिरा यायचीस. एकदा मी बघायला आले. कपडे दगडांवर वाळत होते आणि तू पाण्यात पाय सोडून बसली होतीस. हातात काही काम नसलेली तू मला तेव्हा पहिल्यांदाच दिसलीस. ओठ हलत होते, चेहऱ्यावर हसू होतं, आणि नदीवरचा उजेड तुझ्या अंगावरून सरकत होता. मला पाहून तू गप्प झालीस.

‘काय बोलत होतीस?’

‘काही न्हाई. माझं माझं.’

‘सांग की.’

‘सगळंच सांगायचं असतं व्हय गं?’ म्हणून तू हसत हसत बादली माझ्या हातात दिलीस.

तो तास सोडून तुझं पुस्तक पुरं होत नाही. कितीदा लिहिला. प्रत्येक वेळी ओठ हलतात आणि आवाज येत नाही. मग मीच तुझ्या तोंडी घातलं: ‘मी सुखात हाय.’ तीनच शब्द. ते वाचून दाखवायला आता कुणी नाही. मी स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवते, डोळे मिटून ऐकते, आणि दर वेळी मला ते माझंच वाटतं, तुझं नाही. तू तिथं गावाकडच्या, निघोज्याच्या कुणाशी भांडत असशील, नाहीतर एखादी ओवी आठवत असशील, किंवा कंपनीतल्या मैत्रिणीची नक्कल करत असशील. तुझ्या त्या हसण्याला मी कारण शोधतेय, कारण तू राबून राबून गेलीस आणि मधे कधीतरी सुखात होतीस, एवढं मला हवंय. तुला नाही, मला.

उद्या सकाळी हस्तलिखित द्यायचंय. ते वाक्य मी अजून खोडलेलं नाही. तू नाहीच म्हणशील, तरी विचारते. एवढे तीन शब्द तुझ्या नावावर राहू देशील?