मधमाश्यांची साखर

अहो,

काल तिसरी पेटी गेली. आता जांभळाखालची एकच उरली आहे आणि तिच्यातही माश्या मूठभर. कुणाला सांगू? पाळकसाहेबांना सांगितलं तर ते प्रार्थना करतील. बेलापूरच्या दादाला कळवलं तर म्हणेल, बरं झालं, आता तरी सामान बांध आणि माहेरी चल. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अडीच महिने झाले. या घरात माश्यांचं ऐकून घेणारं तुमच्याशिवाय दुसरं होतं कोण? मी तरी कुठे ऐकत होते!

कागद तुमच्याच वहीतला आहे, रागावू नका. ती निळ्या पुठ्ठ्याची वही तुम्ही होतात तोवर मी एकदाही उघडली नाही. किती नीटनेटकं लिहून ठेवलंय हो! आश्विनात खुरासणी फुलली की पेट्या शेताच्या कडेला न्याव्यात. माघात माश्या वाढतात, तेव्हा चौकटी तपासाव्यात आणि पोळं फुटून उडून जायच्या आधी आपणच वाटणी करून दुसऱ्या पेटीत घालावं. वैशाखात हिरड्याचा मध काढावा, पण वरच्या मजल्यातलाच, खालचा त्यांचा. ज्येष्ठात पेटीवर गवत शाकारावं, दार अगदी लहान करावं.

पुढच्या पानावर 'आषाढ-श्रावण' एवढंच. त्याखाली रेघ, आणि मग काही नाही. मुलांच्या पाटीवरचं अर्धं उत्तर तुम्ही कधी चालवून घेतलं नाहीत. मग हे पान असं का ठेवलंत?

तुम्ही गेलात त्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता. तरी राजूरपासूनची माणसं आली. एवढ्या भिजलेल्या माणसांना चहा तरी द्यायला हवा होता आणि घरात साखरेचा कण नाही! लढाई संपली तरी साखर कार्डावरचीच. तेवढ्यात शाळेच्या कपाटातलं तुमचं सामान कुणीतरी आणून दिलं आणि त्यात बिस्किटाचा डबा निघाला, साखरेनं काठोकाठ भरलेला. मला वाटलं, नाताळासाठी साठवली असेल. सगळी चहात घातली. मास्तरांच्या मातीला आलेल्यांना साखरेचा चहा मिळाला असं लोक म्हणाले आणि खरं सांगते, तेवढ्या दुःखातही मला बरं वाटलं.

पुढे महिनाभर ऊन पडलं नाही. पेट्या उचलून पाहिल्या तर हलक्या लागल्या. माश्या उपाशी आहेत एवढं मलाही कळलं. पावसात तुम्ही त्यांना काहीतरी गोड घालता हे ठाऊक होतं. गेली दोन वर्षं तुम्ही रोज सकाळी माझ्याकडून गुळाचा खडा मागून न्यायचात ना? मी समजले, तोच माश्यांना घालता. दादानं पाठवलेली नव्या गुळाची ढेप होती. चांगलं दाट पाणी केलं, गाळलं, वाटीत काड्या टाकल्या म्हणजे माश्या बुडू नयेत. तुम्ही असतात तर शाबासकी दिली असती, असंही मनात आलं.

आठ दिवसांत पेटीच्या तोंडाशी तपकिरी डाग दिसायला लागले. माश्या पोटं फुगवून फळीवर सरपटायच्या. मला वाटलं, अशक्तपणा आहे, अजून खायला हवं. म्हणून आणखी गूळ घातला. अहो, मी माझ्या हातानं घातला!

काल कोंडाजी आला. आपल्या सगळ्या पेट्यांसाठी झाडांच्या ढोलीतून माश्या काढून देणारा तोच, तुमचा जिवाचा माणूस. मेलेल्या पेटीत त्यानं बोट फिरवलं, हुंगलं आणि खालीच बसला.

"मास्तरीनबाई, गूळ घातला व्हय? गुळानं हगवन लागती त्यांना. पावसात भाईर जाता येत न्हाई, आतच घान करत्यात आन् मरत्यात."

मग मास्तर काय घालायचे, असं मी विचारलं.

"साखर. सोताच्या वाट्याची. म्हनून तर शाळंत गुळाचा च्या प्यायचे. तुमाला ठावं न्हाई?"

नव्हतं हो ठावं. पण ते का नव्हतं, ते मात्र लगेच कळलं. दोन वर्षांपूर्वी दादा आला होता, आठवतं? त्याच्यापुढे गुळाचा चहा ठेवावा लागला, कारण साखर तुम्ही माश्यांना घातली होती. त्याच्यासमोरच मी म्हणाले होते की माणसांपेक्षा किडे जवळचे झालेत तुम्हाला. त्यानंतर घरातली साखर कधी पेटीपाशी गेलेली दिसली नाही आणि मी मनात म्हटलं, जिंकले. कार्डावरची साखर आणायचात तुम्हीच, स्वतःचा वाटा परस्पर शाळेच्या कपाटात साठवत राहिलात! वही घरात पडलेली असायची, मी कधीतरी वाचीन म्हणून ते पानसुद्धा लिहिलं नाहीत ना? एवढी का माझी धास्ती? एकदा भांडला असतात तर काय बिघडलं असतं? आज त्या तीन पेट्या जिवंत असत्या.

आज सकाळी कोंडाजी त्याच्या कार्डावरची साखर फडक्यात बांधून घेऊन आला. आमी कुठं खातो, म्हणाला. तुमच्या मातीच्या दिवशी त्यानंही आपल्याकडचा चहा दोनदा मागून घेतला होता. कोणत्या साखरेचा, ते मी त्याला सांगू शकले नाही.

साखरेचं पाणी ठेवलंय. पण आत राणी आहे की नाही तेच कळत नाही. अंडी इतकी बारीक, मला दिसत नाहीत. तुमचा चष्मा हवा होता आणि तो मीच तुमच्या खिशात ठेवून तुम्हाला माती दिली. तुमच्याशिवाय तो कुणाला लागणार, असं वाटलं तेव्हा. वहीत तुम्ही लिहिलंय की माशी पायाला पिवळं पीठ लावून आत गेली तर राणी आहे समजावं, पेटी उगाच उघडू नये. दुपारपासून दारासमोर बसले आहे. अजून एकही पिवळी आली नाही. खुरासणीला कळ्या आहेत, फुलायला पंधरा दिवस तरी लागतील. तेवढे दिवस त्या तगतील का हो? सांगा ना!

या पेटीचा निकाल लागेपर्यंत मी बेलापूरला जाणार नाही, दादा कितीही बोलला तरी. माझ्या वाट्याची साखर यापुढे त्यांची. आणि ते पान मी कोरं ठेवणार नाही. तुमच्या रेघेखाली आत्ताच लिहिलंय, अक्षर तुमच्यासारखं नाही, पण वाचता येतं: 'गूळ घालू नये. साखर घालावी. घरात विचारून घ्यावी, मिळेल.'

तुमची,
मार्था