रुजवातीची शेवटची ओळ

जालना,
९ मार्च २००३

प्रिय संजीवनी,

पत्र पाहून घाबरू नकोस. इथं सगळे आपापल्या जागी ठीक आहोत, तुझी आईसुद्धा. दर रविवारी फोन होतोच, मग अण्णांना हे पत्राचं खूळ कुठून लागलं असं तुला वाटेल. फोन बैठकीत आहे आणि बैठकीतच तुझ्या आईची खाट आहे. तिची जीभ अडते, कान नाही अडत. टायपिंगच्या दुकानातल्या कम्प्युटरवर लिहावं तर नंदाबाई पाठीमागून वाचते आणि संध्याकाळपर्यंत भोकरदन नाक्याला बातमी पोचते. म्हणून कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून हातानं लिहितो आहे. अक्षर गोड मानून घे. जन्मभर टाइप करणाऱ्याचं अक्षर असंच असतं.

आधी तुझ्या प्रोग्रामची खबरबात, कारण फोनवर त्याची चौकशी तू माझ्या गुडघ्यांच्याही आधी करतेस. तो बराबर चालतो आहे. काम आलं की मैमूना एका मशीनवर टाइप करते, तेच काम नंदाबाई दुसऱ्या मशीनवर करते, एकमेकींचं न बघता. मग दोन्ही फाइली एका जागी आणायच्या, ती काळी खिडकी उघडायची आणि इंग्रजी अक्षरांत ‘रुजवात’ लिहून एंटर मारायचा. दोघींचं जिथं जुळत नाही ती ओळ लगेच पुढ्यात हजर. आपला मराठी फॉन्ट तिथं गिचमिड दिसतो, पण बाजूला ओळीचा नंबर असतो, तेवढा मला पुरतो. सगळं जुळलं असेल तर ‘फरक नाही’ असं येतं. तू पुण्याला गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी झालेली फजिती तुला फोनवर अर्धीच सांगितली होती. जाफराबादच्या एका वाटणीपत्राची नक्कल होती आणि तुझ्या खिडकीत ओळींवर ओळी चुकीच्या म्हणून येऊ लागल्या. नंदाबाई चिडली, म्हणाली, “सर, ही मशीन तर मैमूनाचीच बाजू घेऊन राह्यली.” मैमूना म्हणे, “चाचा, मी बिलकुल बराबर मारलं, पाह्यजे तर परत मारते.” दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडल्या तरी शब्दाचा फरक सापडेना. शेवटी लक्षात आलं की नंदाबाई पूर्णविरामानंतर दोन जागा सोडते आणि मैमूना एकच. नंदाबाई माझ्याकडे टाइपरायटरवर शिकलेली, आणि टाइपरायटरवर दोन जागा सोडायच्या हे मीच तिला ओरडून-ओरडून शिकवलेलं. तू फोनवर सांगितलंस तसं मग प्रोग्रामातल्या एफसी या फाइली ताडणाऱ्या हुकमापुढं तिरकी रेघ आणि डब्ल्यू घातलं, आणि मशीन रिकाम्या जागा मोजायची थांबली. माझी एवढ्या वर्षांची शिकवण एका तिरक्या रेघेत निकालात निघाली. पण प्रोग्राम चांगला आहे, ते कबूल केलंच पाहिजे.

हे झालं नवं. जुनं तू पाहिलेलं आहेस, पण लहानपणी पाहिलेलं माणूस अर्धं विसरतं, म्हणून लिहितो. जालना जिल्हा झाला त्या वर्षी मी नाक्याजवळ एक टाइपरायटर मांडून बसलो. नवा जिल्हा, नवी कचेरी, ज्याला त्याला कसली ना कसली नक्कल हवी. नकलेत चूक गेली की वकील कागद तोंडावर फेकायचे. म्हणून प्रत्येक नकलेची रुजवात घ्यायची: एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर पट्टी सरकवत बघायचं. वाचायला माणूस मिळेना, मग तुझी आई बसली. तिचं वाचणं वडीगोद्रीच्या शाळेतलं, खणखणीत. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस बंद, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून. आकडा आला की एकेक अंक सुटा. ती सवय पुढं घरातही आली. “भाकरी झाली पूर्णविराम,” असं ती स्वयंपाकघरातून सांगायची. तू शाळेतून उशिरा आलीस की “कुठं गेल्ती प्रश्नचिन्ह.” तुला मैत्रिणींसमोर लाज वाटायची. मला कधीच वाटली नाही. खरं सांगायचं तर लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी जे बोललो ते बहुतेक दुसऱ्यांची वाटणीपत्रं आणि फिर्यादीच होत्या. तिच्यावर माझा जीव जडला तो तेव्हा, पट्टी सरकवता सरकवता. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, पण तिला ठाऊक असावं.

गेल्या आषाढात तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू इथंच होतीस. औरंगाबादच्या डॉक्टरांनी नाव विचारलं आणि पुष्पा एवढा दोन अक्षरी शब्दही तिला सापडेना, ती माझ्याकडे बघत राहिली, ते तूही पाहिलंस. तू गेल्यानंतरची एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली. दसऱ्याच्या आसपास मी एक नक्कल घरी आणली होती. एक ओळ मुळातली, एक ओळ नकलेतली, असं एकटाच पुटपुटत चाललं होतं. ते तिला बघवेना. खाटेवरून डावा हात लांब करून तिनं मूळ कागद ओढून घेतला, बराच वेळ नुसते ओठ हलवले, आणि म्हणाली, “स्वल्पविराम.” एवढ्या महिन्यांतला तिचा पहिला स्वच्छ शब्द. मग मागं जाऊन त्याच्या आधीचे शब्द एकेक करून काढले. मला रडू आलं. कागद पक्षकाराचा होता म्हणून तेवढा बाजूला धरला.

तेव्हापासून रोज दुपारी मी तिला रिक्षानं दुकानात न्यायचो आणि आम्ही रुजवात घ्यायचो. दिवाळीपर्यंत ती अर्धं पान वाचायला लागली. आणि गंमत अशी की कागदावर वाचलेले शब्द तिला मग बोलतानाही सापडायचे. सामाईक, उत्तरेस, सदरहू. एकदा जेवताना वांग्याकडे बोट दाखवून म्हणाली, “सदरहू… भाजी.” मी हसलो, मग तीही हसली, पोट धरून. डॉक्टर म्हणाले, वाचू द्या, काहीही वाचू द्या, हेच तिचं औषध आहे. मी पोरांची अंकलिपी आणि गोष्टींची पुस्तकं आणली. ती तिनं परत पिशवीत भरली. “मी काय बालवाडीत?” एवढं सलग वाक्य तिनं त्या रागापायी उभं केलं. तिला औषध म्हणून वाचायचं नव्हतं, काम म्हणून वाचायचं होतं. तुझी आई कशी आहे ते तुला मी काय सांगायचं.

संक्रांतीला तू आलीस आणि तिला दुकानात वाचताना पाहिलंस. एका शब्दाशी झगडताना तिच्या कपाळाला घाम आला होता. तू उठून बाहेर गेलीस. डोळे पुसून परत आलीस आणि म्हणालीस, अण्णा, आईला हे कशाला करायला लावता, हे मशीन करेल. दोन दिवसांत तू ते करूनही दाखवलंस. त्या क्षणी मी कौतुकानं फुगलो होतो, हेही खरं. तुझी आई तर तुझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसली होती. तू एकेक ओळ लिहिलीस ती तिनं पाहिली. ‘फरक नाही’ पडद्यावर आलं तेव्हा तिनं तुझ्या डोक्यावरून डावा हात फिरवला. आजही कुणी दुकानात आलं की ती आधी त्यांना त्या खिडकीसमोर नेऊन उभं करते. मैमूनाची आई चाँदबी आली होती, तिलाही नेलं. खिडकीकडे बोट, मग भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट.

तू गेल्यावर पहिल्याच दुपारी मी पट्टी काढली आणि मूळ कागद तिच्यापुढं धरला. तिनं खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, “मंग… मी कशाला वाचू?” सुटेसुटे शब्द, पण अर्थ पुरा. मी म्हटलं, तरी एकदा वाचून घेऊ. मान हलवून “न्हाई” म्हणाली. लेकीच्या कामावर संशय घ्यायचा म्हणजे काय, असा तिचा चेहरा. त्या दिवसापासून ती दुकानात येते, बसते, ‘फरक नाही’ मनात वाचते आणि घरी जाते. सामाईक गेलं, उत्तरेस गेलं. आता फोनवर तुला नुसतं “हं” ऐकू येतं. तू म्हणालीस, आजार उलटलाय, परत दाखवून आणा. तुला न सांगता नेऊन आणलं. डॉक्टरांनी तपासलं, नवीन काही झालेलं नाही म्हणाले. एवढंच विचारलं, वाचन चालू आहे ना? बंद पडलंय, असं मी सांगितलं. शब्द असे वापराविना पडून राहिले तर परत निघणं अवघड जाईल, असं ते म्हणाले. परतीच्या एसटीत तुझी आई खिडकीतून बाहेर बघत होती आणि मला तुझा प्रोग्राम दिसत होता. तुझा राग आला असं समजू नकोस. तू आईवरच्या मायेनंच केलंस, आणि चांगलं केलंस. चांगलं झालं हीच अडचण आहे.

मग मी माझं डोकं चालवलं. एका खरेदीखताच्या दोन्ही फाइलींत मी गुपचूप एकच चूक घातली, म्हणजे मशीन ‘फरक नाही’ म्हणेल आणि वाचल्यावर चूक सापडेल. सापडली की तिला मशीनचा भरवसा राहणार नाही, असा माझा डाव. आता चूक तरी कोणती घालावी? मी लिहिलं, मौजे वडीगोद्री, तालुका जाफराबाद. तिचं माहेर उचललं आणि अंबड तालुक्यातून थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकलं! मला वाटलं, ही तरी तिच्या डोळ्यांतून सुटायची नाही. नाहीच सुटली. छापलेली नक्कल पुढ्यात ठेवली तशी तिनं मोठ्यानं न वाचताच त्यावर बोट ठेवलं, नंदाबाईकडे बघितलं, मैमूनाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मुद्दाम.” एकदम स्वच्छ. नंदाबाई तोंडाला पदर लावून हसली. त्यानंतर तुझी आई माझ्याशी खुणांनीसुद्धा बोलेना. माझ्या हातून लबाडी होत नाही, हे तिला लग्नापासून माहीत आहे.

आता काम सांगतो, ज्यासाठी हे कागद काळे केले. तुझ्या प्रोग्रामात एक ओळ वाढव. ‘फरक नाही’च्या खाली, इंग्रजी अक्षरांत, असं यायला हवं: आता मूळ कागद आईने मोठ्याने वाचावा. नोटपॅडमध्ये उघडून ती ओळ मलाही घालता येईल, तेवढं तुझं बघून शिकलो आहे, पण मी घातली की ती पुन्हा “मुद्दाम” म्हणेल. ती तुझ्याकडूनच यायला हवी. नव्या फ्लॉपीवर, वर तुझ्या अक्षरातलं नाव, पोस्टानं. आणि रविवारी फोनवर तिला तू स्वतः सांग की पहिल्या प्रोग्रामात कसर राहिली होती, दोघींनी एकसारखीच चूक केली तर मशीनला ती कळत नाही, म्हणून शेवटी मूळ कागद वाचणारं माणूस लागतंच. यात खोटं काही नाही, वडीगोद्रीच्या त्या खरेदीखतात मी ते सिद्धच केलं आहे. तुला मात्र स्वतःच्या कामाला स्वतःच नाव ठेवावं लागेल, आणि तेही जिनं गावभर त्याचं कौतुक केलं तिच्याजवळ. तेवढं आईसाठी कर. तिच्या कपाळाला घाम येईल, येऊ दे, मी रुमाल घेऊन शेजारीच असतो. फ्लॉपी आली की मी तिच्यासमोरच घालीन. इंग्रजी अक्षरं ती जुळवून वाचते, आणि तिचा स्वभाव मला ठाऊक आहे: मूळ कागद हातात घेण्याआधी ती तुझी ती ओळच मोठ्यानं वाचून बघेल. म्हणून ओळीच्या शेवटी पूर्णविराम द्यायला विसरू नकोस.

तुझाच,
अण्णा