हातखर्चाचं रिटर्न

कुमुद,

रिटर्न भरायला हवं का, याचा उलगडा झाला. नियम वाचून मला नीट कळले असतील याचा माझाच भरवसा नाही, म्हणून सीएंना विचारून आलो. माझं पेन्शन मर्यादेच्या आत आहे, त्यामुळे मला भरायला नको. तुला मात्र भरावं लागेल.

आंबापोळीच्या पैशाला तू हातखर्च म्हणतेस, असं मी चाचरत सांगितलं. ते म्हणाले, "काका, हा धंदा झाला. काकूंची कमाई तुमच्या दुप्पट आहे."

हे तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून मालगुंडला ताईकडे जातोय. तुझं पॅनकार्ड टेबलावर काढून ठेवलंय. राग गेला की फोन कर, जेवायला येईन.

आयकर खात्याला खरं सांगूया. आळीत मात्र "ह्यांच्या पेन्शनवर भागतं" असंच सांगत जा.

मधुकर