पलीकडं कुणी नाही

९ जानेवारी १९८९, देवगाव फाटा

पोचले एकदाची! परभणीत नामांतराच्या मोर्चामुळं एसट्या बंद होत्या, म्हणून पूर्ण्याहून पॅसेंजरनं सेलूला उतरले आणि पुढं जीपमध्ये कोंबून फाट्यापर्यंत. मांडीवर ट्रंक, ट्रंकेवर आईनं बांधून दिलेले धपाटे. फाट्यावर चहाची हॉटेलं, एक पंक्चरचं दुकान आणि ज्वारीच्या उभ्या रानात एकदम आमची पांढरीशुभ्र इमारत. देशभर टेलिफोनची यंत्रं बसवणारी पुण्याची एवढी मोठी कंपनी, आणि तिच्यात मी शिकाऊ! पूर्णा स्टेशनची वेटिंग रूम झाडणाऱ्या शांतम्माची पोर. बाबा यार्डात गाडीखाली गेले, तेव्हापासून आईनं हातात झाडू धरला तो माझ्या डिप्लोमासाठीच.

खोली कडूबाईंच्या घरात मिळाली. आमच्या मेसचा स्वयंपाकही त्याच करतात. पहिल्याच घासाला म्हणाल्या, "आत लय गार हाय मायबाई. मशिनीला गारवा लागतो म्हनं. शाल घेऊन जात जा." हुरड्याचे दिवस आहेत. त्यांनी मूठभर हुरडा माझ्या ओंजळीत घातला. खूप बरं वाटलं.

१७ जानेवारी

काम आवडतं. नव्या एक्स्चेंजच्या लाइनी तपासायच्या. मी इथं हेडफोन लावून बसते आणि चारठाण्याच्या टोकाला रंगनाथ. तोही शिकाऊच, जिंतूरचा, लाजरा. मी आकडे म्हणते, तो परत म्हणतो. यंत्राशी माझं जमतं. माणसांशीच जमत नाही. आज मीटिंगमध्ये साहेबांनी काही विचारलं, उत्तर येत होतं, तरी पहिल्याच शब्दाला अडखळले. सगळे वाट बघत राहिले. बाहेर येऊन रडले.

आमचे ट्रेनिंग ऑफिसर व्यंकटराव. रागावले नाहीत. म्हणाले, कंपनीत सगळेच असे येतात. कोपऱ्यातल्या बोर्डावर एक रिकामी लाइन आहे, तिच्यावर रोज थोडं बोलायचं. पलीकडं कुणी नाही, त्यामुळं हसणारंही कुणी नाही. हळूहळू धीर येतो. मलाही असाच आला, म्हणाले. किती शांत बोलतात ते!

२८ जानेवारी

खरंच धीर येतोय. पहिले दिवस नुसतं स्वतःचं नाव सांगत होते. आता यंत्राचा एखादा भाग समजावून सांगते. लाइनीवरून माझाच आवाज परत येतो. विहिरीत हाक मारल्यासारखा.

गंमत म्हणजे परत येताना तो स्वच्छ होऊन येतो. अडखळलेली जागा गाळून. आज मी "मंग" म्हणाले, तिकडून "मग" आलं. मी पुन्हा तसं म्हणून पाहिलं. बरं वाटलं ते म्हणायला.

१५ फेब्रुवारी

पुण्याहून मोठे साहेब आले होते. त्यांच्यासमोर उभी राहून मी सबंध एक्स्चेंज समजावून सांगितलं. एकदाही थांबले नाही. साहेब म्हणाले, ही मुलगी पुढं जाणार. व्यंकटरावांनी पाठ थोपटली. आईला सांगेन तेव्हा ती देवापुढं साखर ठेवील.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. बोलताना मी शब्द शोधत नव्हते. आधी कानात ऐकू येत होते, मग तोंडातून निघत होते. हेडफोन तर मेजावर होता.

२३ फेब्रुवारी

कडूबाईंची धाकटी बहीण बाळंतपणात गेली. सकाळी चुलीपुढं बसून रडत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला. म्हणायचं होतं, मावशी, रडा, मी आहे.

तोंडातून निघालं, "उद्याचं जेवण वेळेवर मिळेल ना?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मिळंल." मी माफी मागायला तीनदा गेले. प्रत्येक वेळी भलतंच काहीतरी गोड गोड बोलून परत आले.

२७ फेब्रुवारी

त्या लाइनीवर बोलणं बंद केलं. फरक नाही. आज सगळे जेवायला गेल्यावर पक्कड घेऊन बोर्डाच्या मागं गेले, वायर तोडायला. इतर सगळ्या लाइनींच्या वायरींचा जुडगा आहे. त्या लाइनीच्या मागं वायरच नाही. कधी जोडलेलीच नव्हती.

हेडफोन कानाला लावला. माझा आवाज म्हणाला, "घाबरायचं काय त्यात?"

मी काहीच बोलले नव्हते.

६ मार्च, महाशिवरात्र, पूर्णा

घरी आले. आई हरखून गेलीय. शेजारणींना बोलावून सांगतेय, "आमची नंदा आता कशी बोलायलीय बघा! पुस्तकावानी!" मी हसते. म्हणजे तोंड हसतं.

दुपारी आम्ही दोघीच होतो. आईच्या गळ्यातलं इष्टलिंग दोन्ही हातांत धरून मी मनात म्हटलं, एकच शब्द माझा निघू दे. तोंड उघडलं. "कंपनीत फार छान वातावरण आहे," निघालं.

हात मात्र अजून माझे आहेत. ही वही काढून आईच्या पुढ्यात उघडली. पानावर बोट ठेवून ठेवून दाखवलं. आईला अक्षर येत नाही. ती पानावरून हात फिरवत म्हणाली, "किती ग्वाड लिवलंस गं. मला समजंल असं वाचून दाखीव की."

आणि मी वाचून दाखवलं. तोंडानं एकेक ओळ वाचली. मी इथं सुखात आहे. सगळे जीव लावतात. आई, तू काळजी करू नकोस.

पानावर त्यातलं काहीच नाही. आई डोळे मिटून ऐकत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तिला वाटलं आनंदाचं.

१० मार्च, देवगाव फाटा

परत यायचं नव्हतं. परभणीला मोठ्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरला लिहून दाखवायचं ठरवलं होतं. बसमध्ये कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं. "देवगाव फाटा." मी मान हलवत राहिले, नाही नाही, हातानं परभणीकडं खुणा केल्या. तोंड त्याला हसून म्हणालं, "मान आखडलीय जरा." बस हसली. माझ्याशेजारच्या बाईनं मान चोळून दिली, आणि परभणीला मी उतरायला उठले तेव्हा, "तुमचा फाटा लांब हाय अजून," म्हणून हात धरून खाली बसवलं.

१८ मार्च

रंगनाथ चारठाण्याहून आला होता. त्याला वही दिली. तो तर शिकलेला आहे, वाचील.

उभ्या उभ्या वाचली. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि गालांवरून धारा लागल्या. ओठ सावकाश हलले.

"अक्षर वळणदार आहे तुमचं," म्हणाला. शांत. व्यंकटराव बोलतात तसं.

वही परत देताना त्यानं माझी बोटं घट्ट दाबली. दुखेपर्यंत. एवढंच करता आलं त्याला.

२४ मार्च

पूर्ण्याची लाइन सुरू होणार. पहिला फोन कर्मचाऱ्याच्या घरच्या माणसानं करायचा, अशी कंपनीची रीत आहे म्हणे. मीटिंगमध्ये कुणीतरी शांतम्मांचं नाव सुचवलं. कुणीतरी म्हणजे मीच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तोंडात पदराचा बोळा कोंबून बसले. आवाज बोर्डावरून येत राहिला. आईला दोन तारखेला फोनवर यायचा निरोप देत होता.

२ एप्रिल

सकाळी निघून पूर्णा गाठायचं, रिसीव्हर आईच्या हातातून हिसकायचा, एवढंच मनात होतं. व्यंकटरावांनी बोर्डाच्या खोलीत बसवून दाराला बाहेरून कडी लावली. नम्रपणे. म्हणाले, आज तुम्ही बोर्डावर हव्यात. त्यांचेही डोळे ओले होते—

बेल.

आई आहे. "हॅलो? नंदे? आगं बोल की! लय गर्दी जमलीय हितं. मला तर हसू यायलंय."

माझं तोंड बोलतंय तिच्याशी. मी लिहितेय. तोंड सांगतंय, आई, रोज येत जा, रोज थोडं बोलत जा, भीती जाईल— मी हेडफोनची वायर उपटली. फेकला हेडफोन—

अजून ऐकू येतंय. आई म्हणतेय, "यीन की लेकरा. रोज यीन."

तिनं किती प्रेमानं—

थांबली.

आता पुन्हा बोलली. "महानंदा, मी येथे अगदी व्यवस्थित आहे." आई मला महानंदा कधीच म्हणत नाही. आई "आहे" म्हणत नाही— "हाय" म्हण आई, एकदा हाय म्हण—

तिच्यामागं कुणीतरी टाळ्या वाजवतंय. शांतम्मा किती छान बोलल्या म्हणतायत.

आणि त्या आवाजाच्या खाली, लांबून, बारीक— ती मला हाका मारायलीय— नंदे, आगं नंदे, हितं लय अंधार— मला ऐकू यायलंय, आई, मी हितंच हाय, तुझ्या शेजारीच, मी ब